तेनगू वळणावरचा ओराय

मुरोईसाहेबांना हल्ली इंग्रजीचा भलताच पुळका आला होता. युनोहारा मोटार कंपनीच्या आगारात सकाळी पाऊल टाकलं की तोंडातून लाह्या फुटाव्यात तसे ते शब्द फुटायचे. बसमधल्या मुलींना आता कंडक्टर म्हणायचं नाही, 'गाइड' म्हणायचं. पर्यटकांना 'सर्व्हिस' मिळाली पाहिजे. आणि मला साहेब कसले म्हणता, 'मॅनेजर' म्हणा!

शिगेनो आरशासमोर टोपीला पिना लावत हे सगळं ऐकायची. तिशीची झाली होती ती, बाकीच्या पोरींपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. पोरी खुसुखुसु हसायच्या. शिगेनोला हसू येत नसे. आरशात तिला स्वतःचा वरचा ओठ दिसायचा, त्यावरचा बारीक पांढरा वण दिसायचा, आणि मागून जाणारे मुरोई दिसायचे. मेल्या, एकदा तरी सापड माझ्या तावडीत, असं ती मनातल्या मनात म्हणायची. रोज म्हणायची, अगदी जेवणाआधी हात जोडावेत इतक्या नेमानं.

हेच मुरोई युद्धाच्या दिवसांत काय होते ते गावात कुणी विसरलेलं नव्हतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

त्याआधीची कैक वर्षं ह्या घाटात बस मागे घेताना एकच शब्द चालत आला होता: ओराय. इंग्रजांचा 'ऑल राइट' तो. बसवाल्यांच्या तोंडात घोळून घोळून त्याचा ओराय झाला होता, आणि तो परका आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मुलीनं खाली उतरून बसच्या मागे एका कडेला उभं राहायचं, शिट्टी मारायची, "ओराय, ओराय" म्हणत बस मागे घ्यायची आणि कडा जवळ आला की "स्टॉप!" ओरडायचं. ड्रायव्हरला बाजूच्या आरशात फक्त ती दिसते, मागचा कडा दिसत नाही. त्याचा पाय तिच्या आवाजावर चालतो. तिचा आवाज नसेल तर ह्या घाटात कुणी ड्रायव्हर बस तसूभरही मागे घेत नाही, मग मागे साक्षात मंत्री का उभा असेना.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांशी युद्ध लागलं आणि कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला की हे शब्द शत्रूचे आहेत. मुरोई तेव्हा आगाराचे मुकादम. त्यांनी फर्मान काढलं: ओराय बंद, आपल्या भाषेतलं 'योरोशी' म्हणा. स्टॉप बंद, 'तोमारे' म्हणा. शिगेनोचे वडील किकुमात्सु तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून भोळा चेहरा करून विचारलं होतं, "आणि साहेब, ह्याला काय म्हणू? ह्याला आपल्यात नावच नाही. 'गोलगोल' म्हणू का?" सगळं आगार हसलं. मुरोई हसले नाहीत. त्यांनी तेव्हाच डूख धरला.

त्या वर्षी पेट्रोल मिळत नव्हतं, बस कोळशाच्या धुरावर धापा टाकत चढायची. ऐन थंडीत, भरल्या गाडीनिशी, तेनगू वळणावर बस मागे घ्यायची वेळ आली. हे वळण इतकं आखूड की एका दमात बस वळतच नाही. वडिलांच्याच बसवर कामाला असलेली शिगेनो बर्फात उभी राहून "योरोशी, योरोशी" म्हणत होती. अचानक चाकं घसरली. मागचं चाक थेट कड्याकडे निघालं आणि तिच्या काळजातून किंकाळी निघाली, "स्टॉऽऽप!"

तिचा शब्द पुरा व्हायच्या आत किकुमात्सुंचा पाय ब्रेकवर होता. बस थांबली. सगळे वाचले. मुरोईसुद्धा वाचले, तेही गाडीतच, पुढच्या बाकावर बसले होते.

आणि खाली उतरून त्यांनी पहिलं काय केलं? पोरीच्या तोंडावर फाडकन मारली. हातात किल्ल्या होत्या, ओठ फाटला.

"शत्रूची जीभ आहे का तुझ्या तोंडात?"

किकुमात्सु खिडकीतून म्हणाले, "साहेब, त्याच शब्दानं तुमचा जीव वाचवलाय. माझा पाय गेली वीस वर्षं तोच ऐकतोय. तिला कशाला मारता?"

"उतर खाली. तूही उतर. शत्रूच्या शब्दावर पाय हलणारा माणूस माझ्या गाडीवर नको."

तरुण इसोकिची किकुमात्सुंच्या हाताखाली गाडी शिकत होता. मुरोईंनी त्याला चाकावर बसवलं आणि बस निघून गेली. इसोकिचीनं मान वर केली नाही. बापलेक बर्फातून चालत घाट उतरले. किकुमात्सुंच्या पायात कापडी जोडे होते. छाती भरली ती भरलीच, बर्फ वितळायच्या आत ते गेले. अंत्ययात्रेला कंपनीतून कुत्रंही आलं नाही.

युद्ध संपलं, पर्यटक आले आणि घाट माहीत असलेली मुलगी कंपनीला मिळेना. मुरोईंनीच शिगेनोला बोलावणं धाडलं. वर तोंड करून म्हणाले, "झालं गेलं विसरून जा गं. त्या वेळी सगळेच तसे वागत होते."

"विसरते, साहेब," म्हणून ती कंबरेत वाकली. चांगली खोल वाकली, म्हणजे डोळे दिसू नयेत.

नवी बस आली ती ह्या शरद ऋतूत. लांबलचक, क्रीम रंगाची. पहिल्या फेरीला मुरोईंनी गावचे प्रमुख अरामाकी आणि सगळे सराईवाले बोलावले. मांडीवर जेवणाचे डबे, खिडकीबाहेर लाल झालेले मेपल, आणि माइक मात्र मुरोईंच्याच हातात. "लेडीज अँड जंटलमन," अशी त्यांची सुरुवात. चाकावर इसोकिची. मागच्या बाकावर ओकिवाआजी, सराईची म्हातारी मालकीण, जी त्या बर्फातल्या बसमध्येही होती आणि जिच्या जिभेला अजूनही हाड नव्हतं.

तेनगू वळण आलं. नवी बस जुनीपेक्षा लांब, ती कसली वळतेय! इसोकिचीनं बस थांबवली. शिगेनो खाली उतरली, बसच्या मागे कडेला गेली, शिट्टी ओठाला लावली.

आणि काढून खिशात ठेवली.

इसोकिचीनं बाजूच्या आरशात पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. दोघांचं आधी काही ठरलं नव्हतं. इतक्या वर्षांत तो विषयसुद्धा निघाला नव्हता.

मागून लाकडाचा ट्रक आला, वरून एक गाडी आली. भोंगे सुरू झाले. मुरोई तणतणत उतरले.

"काय झालं? गाइड, म्हण की ओराय!"

"नाही म्हणवत, साहेब. तो शब्द माझ्या तोंडाला झोंबतो."

"काय?"

"शत्रूचा आहे ना तो. तुम्हीच सांगितलं होतंत. इथंच." तिनं ओठावर बोट ठेवलं.

मुरोईंचा चेहरा पडला. मग रागानं लाल झाला. आवाज दाबून म्हणाले, "पाहुणे बघताहेत. तमाशा करू नकोस. उद्या नोकरीवर राहायचंय ना?"

"नोकरी तुम्ही एकदा घेतलीत, पुन्हा घ्या. पण आत्ता बस कोण मागे घेणार?"

ओकिवाआजीनं खिडकी सरकवली. "काय हो मॅनेजर? एवढं फाडफाड इंग्रजी येतं तुम्हाला, म्हणून टाका की स्वतःच! का घसा बसला?"

बसमध्ये हशा पिकला. अरामाकीही गालात हसले. मुरोईंना हसणं कधीच सोसलं नव्हतं, तेव्हाही आणि आताही. "हे काय मोठं शास्त्र आहे!" म्हणून ते तरातरा बसच्या मागे गेले आणि नेमके मधोमध उभे राहिले. पाठीशी कडा आणि तोंडापुढे बस.

बसच्या मागे कधी मधे उभं राहायचं नसतं. कडेला राहायचं, ड्रायव्हरला आरशात दिसेल असं. पहिल्याच दिवशी शिकवतात पोरींना. शिगेनोनं ते पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. मुद्दाम उघडलं नाही. ती आपली कडेला, आपल्या जागी उभी राहिली आणि आरशात बघून तिनं होकाराची मान हलवली.

"ओराय!" मुरोई ओरडले. "ओराय, ओराय!"

बस मागे येऊ लागली. शिगेनो मनात म्हणाली, बाबा, ऐकताय ना? कोण म्हणतंय बघा.

"ओराय... बास, बास! स्टॉप!"

बस थांबली नाही. इसोकिचीचे डोळे आरशात होते आणि आरशात शिगेनो होती.

"स्टॉप! अरे स्टॉप! स्टॉऽऽप!" मुरोईंची टाच कठड्याच्या दगडाला लागली. सरकायला जागा होती, पण पाय जागचे हलेनात. बसचा बंपर कोटाच्या गुंड्यांवर आला.

तिच्या मनात आलं, नाही म्हटलं तर? एक शब्द गिळायचा, बस्स. इतकी वर्षं दुसरं काय मागितलं होतं तिनं? ती खोटं कशाला बोलेल, त्या क्षणी तिला तो मेलेला हवा होता. पण बसमध्ये माणसं होती, आणि बस भरलेली असताना कसं वागायचं ते तिच्या बापानं ह्याच जागी दाखवून ठेवलं होतं.

"स्टॉप," ती म्हणाली. साध्या आवाजात.

बस जागच्या जागी थांबली.

मुरोई कठडा आणि बंपर यांच्यामध्ये चेपून उभे होते. टोपी खाली दरीत गेली होती. शिगेनो जवळ गेली.

"कुणाचा हो शब्द हा, साहेब? शत्रूचा?"

"बस पुढे घे म्हणावं... शिगेनोसान, पाया पडतो..."

"आधी सांगा."

"नाही. शत्रूचा नाही."

"मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे. आणि माझे बाबा?"

मुरोईंनी वर पाहिलं. मागच्या काचेला सगळे चेहरे चिकटले होते. कुणीही हसत नव्हतं. ओकिवाआजी तर रडत होती.

"किकुमात्सु बरोबर होते!" ते ओरडले. आवाज चिरकला. "त्यांनी आम्हाला वाचवलं. मी... मी त्यांना बर्फात उतरवलं."

शिगेनोनं हात वर करून पुढे जायची खूण केली. बस हातभर पुढे सरकली. मुरोई गुडघ्यावर बसले, तोंड ओंजळीत घेऊन. तिला वाटलं होतं की हे बघून जीव निवेल. निवला, पण पुरता नाही.

मग तिनं शिट्टी काढली आणि रीतसर, कडेला उभी राहून, "ओराय, ओराय" म्हणत बस अशी सुरेख मागे घेऊन वळवून दिली की ट्रकवाल्यानंही भोंगा वाजवून दाद दिली. दाराशी येऊन ती पायरीवर चढली. मुरोई उठून, कोट झटकत, दाराकडे येत होते.

बस सुटायची ती गाइडच्या शब्दावर. कोण चढलं, कोण राहिलं, हे ड्रायव्हर वळून बघत नाही. ती 'ओराय' म्हणाली की त्याच्या लेखी सगळे आत असतात.

शिगेनोनं अरामाकींकडे पाहिलं. अरामाकींनी मान खाली घालून डब्याचं झाकण उघडलं.

मुरोईंचा हात दांडीपर्यंत पोचला. तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. चकचकीत, पातळ तळव्यांचे नवे बूट होते.

"बर्फ नाहीये आज," ती म्हणाली. "तुमचं नशीब."

तिनं दार ओढून घेतलं, इसोकिचीच्या पाठीकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओराय!"