सामानाची जागा

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी जोसेतने पॅरिसमध्ये मादाम लरीशच्या स्वयंपाकघरात दोन फोन आणि एक लॅपटॉप मांडला. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत आल्प्सकडे जाणाऱ्या गाड्यांची तिकिटं सहाला उघडणार होती. दरवर्षी ही लढाई मोलकरीण लढते. मालकीण आठला उठून कॉफी पिते. यंदा माणसं पाच आणि जागा सहा. गेल्या वर्षी स्कीच्या पिशव्यांनी मादामचे गुडघे दुखले होते, म्हणून पिशव्यांना स्वतःची खुर्ची. सहावं नाव कुणाचं घालू, जोसेतने विचारून ठेवलं होतं. घाल कुणाचंही, मादाम म्हणाल्या होत्या. तिने स्वतःचं घातलं.

गाडी जिथे संपते ते बूर-सँ-मोरीस तिचं माहेर. तिचा बाप ऑन्सेल्म तिथे चाळीस हिवाळे स्कीवाल्यांना तारेवरच्या पाळण्यात बसवून डोंगरावर धाडत होता.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी धाकट्या बहिणीचा, अदेलचा फोन आला. डॉक्टरांनी बाबांना दोन दिवस दिले होते, फार तर तीन. जोसेतने गुरुवारच्या गाड्या पाहिल्या, शुक्रवारच्या पाहिल्या. फुल्ल. बस फुल्ल. गाड्या बदलत जावं, तर एक ना एक टप्पा फुल्ल. घसरायला जाणाऱ्यांनी चार महिने आधीच सगळं बळकावलेलं. मरणाऱ्यानेही चार महिने आधी कळवायला हवं होतं. त्या डोंगरात जन्मलेल्या बाईला त्या डोंगरात जायला वाट नव्हती.

अदेलने फोन बापाच्या तोंडाशी धरला. आवाज सुकलेला होता, थट्टा शाबूत होती.

"पोरी, चाळीस वर्षं मी या पॅरिसवाल्यांची बुडं उचलून वर नेली. आणि तुला एक खुर्ची देईनात?"

मग लरीशांच्या शनिवारच्या गाडीतली ती सहावी खुर्ची तिला आठवली. ती मादामपुढे जाऊन उभी राहिली आणि बापाचं सगळं सांगितलं.

"अगं, पण ती सामानाची आहे," मादाम म्हणाल्या. त्यांनी बराच विचार केला. "बरं, ये. पिशव्या तेवढ्या मांडीवर घे."

शनिवारी ती बुटांची पिशवी हनुवटीखाली दाबून बसली. लरीशांची पोरं यंदा कुठल्या उतारावरून घसरायचं यावर भांडत होती. शांबेरी स्टेशन सुटलं आणि फोन थरथरला. पिशव्या वाटेत ठेवून ती दारापाशी गेली.

"गेले गं," अदेल म्हणाली. "आत्ताच. सारखे विचारत होते, बसायला मिळालं का तिला."

"मिळालं," जोसेत म्हणाली.

ती परत आली तेव्हा खुर्चीवर पिशव्या नीट रचलेल्या होत्या. तिचा चेहरा पाहून मादामना कळलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगा.

"बिचारी," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "आता तशी घाई राहिली नाही ना. बूट फार पडतात गं वाटेत."

जोसेत वाटेतच उभी राहिली. खिडकीबाहेर बर्फ सुरू झाला तशी पोरं ओरडली. तपासनीस आला. तिने फोन पुढे केला. त्याने तिकिटावरचं नाव वाचलं, खुर्चीचा आकडा वाचला, खुर्चीवरच्या पिशव्यांकडे पाहिलं.

तिकीट बरोबर आहे, म्हणाला, आणि पुढे गेला.