मागची बाजू

ताईने आयुष्यभर एक्स-रे काढले. चौतीस वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत उभं राहून तिने लोकांना "श्वास घ्या, धरा, सोडा" सांगितलं. नाव, तारीख आणि डावं-उजवं घातल्याशिवाय तिने एकही फिल्म दाराबाहेर जाऊ दिली नाही. नव्या डॉक्टरांनाही ती सुनवायची, "नाव नसेल तर ही हाडं कुणाचीच नाहीत. परत न्या." तिच्या मागे सगळे तिला 'शिक्का' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर तिने वडिलांचे फोटो हातात घेतले. वडील पुलांच्या कामावर फोरमन. बदली होईल तिथे आधी कॅमेरा पोचायचा, मग भांडीकुंडी. आठशे बारा फोटो मागे ठेवून ते गेले होते, काही पत्र्याच्या डब्यांत, काही चिकट पानांच्या दोन अल्बममध्ये. एकाच्याही मागे एक अक्षर नाही. पहिल्या दिवशी ताई वडिलांवरच चिडली. माणूस पुलाच्या एकेका बोल्टाची नोंद ठेवतो आणि स्वतःच्या घरच्या माणसांची ठेवत नाही, म्हणजे काय?

मग तिने पदर खोचला. अल्बमला चिकटलेले फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने कडेकडेने सोडवले. एकेका अल्बमला तीन आठवडे गेले. फोटो काचेवर पालथा ठेवायचा आणि मऊ पेन्सिलीने कडेला लिहायचं, कारण शाई पुढच्या बाजूला उमटते. लिहायचं काय, हे शोधायला ती माणसांकडे गेली. वडिलांबरोबर काम केलेले चार म्हातारे उरले होते, त्यांच्याकडे बस बदलत बदलत गेली. मावशी एक्याण्णव वर्षांची, तिला एका बैठकीत आठ-दहा फोटोंच्या वर झेपायचे नाहीत. ताई तिच्याकडे एकोणीसदा गेली. प्रत्येक फोटोच्या मागे कोण, कुठे, साधारण कधी, आणि शेवटी कुणी सांगितलं त्याचं नाव. पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत मावशी गेली आणि ते चारही म्हातारे गेले.

मागचा मजकूर वहीत उतरवून ठेवायला ताईने सुरुवात केली होती. दोनशे अकरा फोटो झाले, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता मोतीबिंदू काढायलाच हवा.

तेव्हा धाकटा आला. ताईहून सात वर्षांनी लहान असलेला तिचा एकुलता एक भाऊ. आई गेली तेव्हा ताई दहाची होती आणि हा तीनचा.

"तू डोळे जप," तो म्हणाला. "मी सगळे फोटो स्कॅन करून आणतो. एवढं तरी करू दे मला."

पाच वर्षांत तो त्या डब्यांकडे फिरकला नव्हता. तरी ताईला बरं वाटलं. डोळ्यावर पट्टी असतानाच तिने डबे त्याच्या हवाली केले आणि दारातून बजावलं, "दोन्ही बाजू करायच्या."

"हो गं," तो म्हणाला.

दोन महिन्यांनी तो परत आला. खिशातून बोटाएवढा पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"घे. अख्खं खानदान."

ताईने कॉम्प्युटर लावला. फोटो दिसत होते, चांगले दिसत होते. नको इतके चांगले. पांढऱ्या कडा कापलेल्या, डाग पुसलेले, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यासुद्धा साफ केलेल्या. ती पुढे पुढे जात राहिली, शेवटपर्यंत. मोजून आठशे बारा.

"मागच्या बाजू कुठल्या फोल्डरमध्ये आहेत?"

"मागच्या बाजू?" धाकट्याने फोन खाली ठेवला. "दुकानदाराने केल्या नाहीत वाटतं. त्याच्या लक्षात आलं नसेल."

"बरं. डबे आण. मी स्वतः करून घेते."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता. तो खिडकीबाहेर बघतो म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"डबे कुठे आहेत?"

"अगं, आम्ही घराचं रंगकाम काढलं ना. सगळा पसारा. आणि आता हे आलंय की. तो बुरसट वास, हिला शिंका येतात..."

"कुठे आहेत?"

"रद्दीत दिले. तीन आठवडे झाले."

ताई ओरडली नाही. तिने पेनड्राइव्ह काढला, टोपण लावलं आणि म्हणाली, "रद्दीवाल्याचा पत्ता लिहून दे. आणि दुकानदाराचा."

रद्दीवाल्याकडे ती त्याच दुपारी गेली. त्याने गोदाम उघडून दाखवलं. माल दर दोन दिवसांनी लगद्याच्या कारखान्यात जातो, म्हणाला. तरीही तिने तासभर गठ्ठे उपसले. हाताला लागली ती कुणाची तरी गणिताची वही आणि औषधांच्या माहितीचे कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोटोच्या दुकानात गेली. दुकानदार तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. धाकट्याचं काम त्याला लगेच आठवलं.

"ते पेन्सिलीचं लिखाण तुमचं होतं?" त्याने विचारलं. "सुरेख अक्षर. मी साहेबांना म्हटलं होतं, मागचंही घेऊ का. दोन-चार वाचूनही दाखवले."

"मग?"

दुकानदार घुटमळला. "म्हणाले, राहू द्या, तो आमच्या ताईचा वेळ घालवायचा छंद आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक झाली असती, तर तिने एक वेळ गिळली असती. इस्पितळात तिच्या हातूनही दोनदा चूक झाली होती. पण हे सांगितल्यावर, दाखवल्यावर, वाचून कानावर घातल्यावर केलेलं होतं. आणि वर खोटं बोलून त्याने ते या माणसाच्या माथी मारलं होतं.

तिथून ती तडक धाकट्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं. "या ना ताई. बघा तरी कसं झालंय घर," ती म्हणाली आणि तिला हॉलमध्ये घेऊन गेली.

समोरच्या ताज्या रंगाच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावला होता, हात पसरावा एवढा. खुर्चीवर बसलेली तरुण बाई, मान खाली, मांडीवरच्या बाळाकडे बघणारी. फ्रेमच्या वर खास दिवासुद्धा बसवला होता.

"आई आणि हे," भावजय म्हणाली. "येणारा प्रत्येक जण थांबून बघतो. नाक अगदी यांचंच, म्हणतात."

धाकटा आतून आला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"दुकानदार तुला वाचून दाखवत होता," ती म्हणाली. "तेव्हा ऐकलं असतंस तर बरं झालं असतं. ही आई नाही."

"काय?"

"ही वरच्या मजल्यावरची शिवणवाली. बाबांनी हिचा फोटो काढून दिला होता, एक प्रत आपल्याकडे राहिली. आणि मांडीवर आहे ती तिची मुलगी. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. कुणाचं नाक घेऊन बसलायस, तूच बघ."

भावजयीने दिव्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. धाकटा फोटोच्या जवळ गेला. इतका जवळ, की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"मला वाटलं..." तो म्हणाला. मग न वळता, "मग आई कुठल्या फोटोत आहे?"

"मागे लिहिलं होतं," ताई म्हणाली.

आणि ती निघाली. बोलली त्याचा तिला जिना उतरताना आनंद झाला, बसस्टॉपवरही होता. घरी पोचल्यावर तो आनंद संपला. राग मात्र जागच्या जागी होता.

आठवडाभर तिने त्याचे फोन उचलले नाहीत. भांडी घासताना ती त्याच्याशी मोठ्याने भांडायची आणि दरवेळी जिंकायची. पण कॉम्प्युटरसमोर बसली, की एकेक चेहरा सुटत चालल्याचं तिला कळायचं. परवा आठवलेलं नाव आज सापडायचं नाही. चिडायलाही वेळ कमी होता.

आठव्या दिवशी तिने फोन केला. "रविवारी दहाला ये. सगळ्या फोटोंच्या छोट्या छापील प्रती काढून आण. त्याच दुकानातून. पेन्सिल मी देते."

तो आला. ती सांगायची, तो मागे लिहायचा. वहीतले दोनशे अकरा फोटो वर्णनावरून जुळवले. नंतरचं तिच्या डोक्यातून. आईचे सत्तावीस निघाले. पहिला निघाला तेव्हा धाकट्याने पेन्सिल खाली ठेवली. ताईने त्याला हवा तेवढा वेळ दिला, पण पाठीवरून हात फिरवला नाही.

तिसऱ्या रविवारी पुलाच्या कमानीखाली उभ्या असलेल्या सहा माणसांचा फोटो आला. ताईने डोळे मिटले, बोटांवर मोजलं, चौघांची नावं दिली. दोन काही केल्या आठवेनात.

"सोडू या का?" धाकटा म्हणाला.

"सोडायचं नाही. लिही. डावीकडून दुसरा आणि पाचवा. यांची नावं माहीत होती. मी ती रद्दीत घातली. खाली सही कर."

"ताई, असं कुणी लिहितं का? उद्या माझी नातवंडं वाचतील."

"वाचू देत. त्यांना कळायला नको, नावं कुठे गेली ते?"

"माझी चूक झाली, मी म्हटलं ना. किती वेळा म्हणू?"

"म्हणू नकोस. लिही."

त्याचा चेहरा लाल झाला. तो उठला, दारापर्यंत गेला, चपलेत पाय घातला. ताईने त्याला थांबवलं नाही. तिने पुढचा फोटो उचलला आणि स्वतःच मागे लिहायला लागली. डोळ्यात घालायचे थेंब अजून चालू होते, ओळ वाकडी जात होती. धाकटा दारातून ते बघत राहिला. मग चप्पल काढून परत आला, तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि कमानीच्या फोटोमागे सांगितलेलं सगळं लिहिलं. सही केली.

ताईने चष्मा लावून वाचलं.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

काम सात महिने चाललं. एकशे त्रेचाळीस फोटोंच्या मागे ते वाक्य आहे, धाकट्याच्या अक्षरात, सहीनिशी. शेवटी शेवटी ताईला सांगावंही लागत नव्हतं. तिने दोन संच केले, एक स्वतःकडे ठेवला, एक त्याला दिला. तो घेताना त्याने विचारलं, "अजून रागावलीयेस?"

"हो," ताई म्हणाली, आणि डब्याचं झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं.