वेसाव्याची क्राऊन

मथुराने बळवंतचा शर्ट नाकाशी धरला. पेट्रोल, ग्रीस आणि त्यांच्याखाली बोंबलाचा वास. तोही गुरुवारी. तिच्या घरात गुरुवारी अंडंसुद्धा फुटत नाही.

“कुठे जेवलात आज?”

बळवंत टीव्हीसमोर बसला होता. “हो, शनिवारी आणतो.”

“काय आणताय शनिवारी?”

“हो.”

वर्षभर हे असंच चाललं होतं. लेक अपूर्वा लग्न करून गेल्यापासून दिंडोशीच्या खोलीत दोघंच. मथुरा बोलायची आणि बळवंत ‘हो’ म्हणायचा. टीव्हीचा आवाज मात्र इतका मोठा, की शेजारची नमिता भिंतीवर लाटणं आपटायची. बायकोचं ऐकावं लागू नये म्हणून माणूस टीव्ही मोठा करतो, असा मथुराने अर्थ लावला होता.

तसा अर्थ लावायला कारणही होतं. जोगेश्वरीच्या गॅरेजात बळवंत इंजिनचा मिस्तरी. दर गुरुवारी दुपारी तो वेसाव्याला रत्नप्रभा नावाच्या एका कोळणीची गाडी बघायला जायचा. गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे बाई घरी असायची. लपवाछपवी काही नव्हती. उलट ह्या एकाच विषयावर त्याला न विचारता बोलता यायचं.

“जपानी क्राऊन. सहा सिलिंडर, एका रांगेत. एकाचा धक्का दुसरा खातो. चालू इंजिनवर पाण्याचा ग्लास ठेव, थेंब सांडायचा नाय. आणि पेटतात कसे? एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. कोण कोणाच्या मधे घुसत नाय. आताच्या गाड्यांत ती शिस्तच नाय गो.”

हे सांगताना तो जेवायचा थांबायचा. मथुराला वाटायचं, एवढी वर्षं संसाराचा ग्लास मीही न सांडता धरलाय. ते कोणी वेसाव्याला जाऊन सांगितलं का?

गाडीचा हेवा करून झाला होता. पण गाडी बोंबील तळत नाही.

पुढच्या गुरुवारी तिने अपूर्वाने दिलेली हिरवी साडी नेसली, मेट्रो बदलून वेसावं गाठलं आणि रिक्षावाल्याला कोळीवाड्यात सोडायला सांगितलं. क्राऊनचा पत्ता विचारावाही लागला नाही. “लग्नाची गाडी ना?” एका म्हातारीने हात केला. रत्नप्रभाच्या सासऱ्याने ती कधीकाळी कुठल्याशा परदेशी साहेबाकडून घेतली होती, आणि तेव्हापासून वाड्यातला प्रत्येक नवरदेव तिच्यातूनच मिरवत होता.

बोंबलांच्या दोऱ्यांपलीकडे, पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती. काळी, लांबलचक. बोनेट उघडं, इंजिन चालू. रत्नप्रभा इंजिनवर वाकली होती. मथुराच्याच वयाची, अंगाने तिच्याहून भरलेली. एवढ्यावर बरं वाटायला हवं होतं. पण बाईच्या हातात बळवंतचा लांब स्क्रू ड्रायव्हर होता, टोक इंजिनच्या झाकणावर, लाकडी मूठ डॉक्टरच्या नळीसारखी कानाशी. आणि बळवंत हातभर अंतरावरून तिचा चेहरा बघत होता. मुलगी बघायला आला होता तेव्हासुद्धा त्याने मथुराकडे असं बघितलं नव्हतं. तेव्हा तो पोहे बघत होता.

त्या स्क्रू ड्रायव्हरला घरी कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

“अहो,” मथुरा म्हणाली.

बळवंत हलला नाही.

“अहो!”

रत्नप्रभाने मान वर केली. मथुराकडे पाहिलं, मग साडीकडे, आणि सगळं समजल्यासारखं हसली. तिने बळवंतच्या खांद्यावर दोनदा टकटक केलं आणि मागे बोट दाखवलं. तेव्हा कुठे तो वळला.

टकटक करण्याची ती सवय जुनी होती.

“कधीपासून?” तिने विचारलं. नवऱ्याला नाही, बाईला.

“कान? वरीस झाला असंल.” रत्नप्रभाने हात पदराला पुसले. “मिस्तरी बोलला, इंजिन झकास. मी बोलली, कसला झकास, टिकटिक करतंय. टॅपेट ढिला असला की करतंय ना, तसा. ह्याला ऐकूच नाय येत. मी तोंडावर सांगितला, तुझे कान गेले. तर हा इथं बसून रडला.”

“इथे रडले?”

“त्या पायरीवर. मंग जेवाया घातला. तवापासून आवाज मी ऐकते, पाना हा फिरवतो.”

मथुराने पायरी पाहिली. सासू गेली तेव्हा बळवंतचे डोळे कोरडे होते. अपूर्वाच्या पाठवणीला तो मांडववाल्याशी बोलत उभा होता. जे काही साठलं होतं, ते त्याने ह्या बाईच्या दारात आणून ओतलं होतं. दुसरं काही असतं तर बरं झालं असतं. मग निदान भांडता आलं असतं.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. “मला का नाही सांगितलंत?”

त्याने तिच्या ओठांकडे बघितलं, तेव्हा त्याला समजलं.

“गॅरेजात कळला तर काढतील.”

“मी गॅरेज आहे?”

तो इंजिनकडे वळला. “तू लय बोलतेस मथुरा,” तो म्हणाला. “सांगितला असता, तर गप झाली असतीस. वाटायचा, निदान हलणारं तोंड तरी दिसू दे.”

मथुराने स्क्रू ड्रायव्हरसाठी रत्नप्रभापुढे हात केला.

रत्नप्रभाने क्षणभर स्क्रू ड्रायव्हर सोडला नाही. मग दिला. “मूठ कानाच्या हाडाला लाव गो. पंख्याकडचा एक, तिथून मागं मोज.” आणि ती बोंबील उलटायला गेली.

मथुरा वाकली. गरम तेलाची वाफ तोंडावर आली. मूठ कानाला लागताच आत एक मोठं गाव सुरू झालं, गडगड, सळसळ, सगळं एकात एक. पहिल्यावर काही वेगळं नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर शंका आली, ती परत पहिल्याकडे गेली. पुन्हा मोजत आली. चौथ्यावर टिक. बारीक, कोरडी, नेमाने येणारी टिक.

तिने पुन्हा एकदा खात्री केली. ताठ झाली आणि चार बोटं वर केली.

बळवंतने बोटांकडे पाहिलं. मग सवयीने, नकळत, त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे रत्नप्रभाकडे गेली. ती पाठमोरी होती, दोरीवरचा एकेक बोंबील उलटत होती.

इंजिन चालूच होतं. मथुराने बोटं खाली घेतली नाहीत.