हातोडी की मशाल

मुलाकडे आठ दिवसांसाठी आलो, त्याला पाच महिने झाले. माझं घर तिकडे कुलूपबंद आहे. गुडघ्यांमुळे एकट्याने प्रवास होत नाही. मुलगा पोचवेल तेव्हाच जाणं. तो पोचवत नाही, कारण बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यातल्या प्रवाळांच्या जाती मला बघून बघून ओळखता यायला लागल्या आणि तिथेच मी अडकलो.

परवा त्याने नवीन प्रवाळ आणलं, तेही मिटलेलं. हातोडी आणि मशाल या दोन जाती मिटलेल्या असताना सारख्याच दिसतात. दुकानदाराने हातोडी म्हणून दिलं, म्हणून ते टाकीतल्या जुन्या हातोडीशेजारी ठेवलं होतं. हातोडीशेजारी हातोडी सुखाने राहते. मशाल मात्र तिला डंख मारून जाळते.

"बाबा, ते उमलेपर्यंत थांबा. मग खुशाल सोडतो."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालास."

"फुकटचा पहारेकरी कोण सोडेल, बाबा?" सून म्हणाली.

आज सकाळी पिशवी भरून मी तयार बसलो होतो. गाडी दहाची होती. तेवढ्यात प्रवाळ उमललं. त्याच्या बोटांसारख्या तंतूंच्या टोकाला आडवी पट्टी असती तर ती हातोडी. मला गोल मणी दिसला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी मणीच.

हातोडी म्हटलं असतं, तर गाडी मिळाली असती. जुनी हातोडी दोन दिवसांत भाजली असती, पण ते बघायला मी इथे नसतो.

"मशाल आहे," मी म्हणालो. "वीतभर लांब ठेव."

"बघा, तुमच्यावाचून कसं व्हायचं?" मुलगा खूश झाला. "आता ही रुळेपर्यंत तरी राहा."

सुनेने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी आत नेऊन ठेवली.