सूर्याशी लग्न

आखातातल्या अल नहदा वस्तीत लतिकाच्या शेजारी राहणाऱ्या नेपाळी नेवार कुटुंबातली पलिस्था वयात येण्याच्या विधीसाठी काही दिवस अंधाऱ्या खोलीत बसली होती. आज ती बाहेर येणार आणि तिचे लग्न प्रत्यक्ष सूर्याशी लागणार होते. ते कसे लागते, हे पाहण्याची लतिकाला विलक्षण उत्सुकता होती. परंतु वैधव्य आठवून ती गच्चीच्या दारातच थबकली.

“इतक्या चौकशा केल्यात, दीदी, आणि आता दारातच?” पलिस्थाची आई म्हणाली.

“मी विधवा बाई. पोरीला अपशकुन नको.”

“हिचा नवरा कधी मरायचाच नाही. मग अपशकुन कसला?”

लतिकाने तो युक्तिवाद मनात नीट तपासला. त्यात खोट सापडेना. उंबरा ओलांडत तिने विचारले, “मग सासू कोण हिची?”