उघडा राहिलेला पाट

पाण्यात हात घातला की पहिल्या क्षणी भाजल्यासारखं वाटतं आणि मग हात आहे की नाही तेच कळेनासं होतं. सावसनने बाही कोपराच्या वर सारली, चाळणी पाण्यात बुडवली आणि लोखंडी जाळीला चिकटलेला बर्फ खरवडून काठावर फेकला. हा बर्फ लादीसारखा नसतो. पिठासारखा भुरभुरीत असतो, वाहत्या पाण्याच्या पोटातच तयार होतो आणि लोखंड भेटलं की त्याला बिलगून बसतो. जाळी बुजली की पाइपात पाणी शिरत नाही आणि खालच्या दगडी खोलीतलं चाक मंदावतं. खोलीच्या दारावरचा दिवा आत्ताच तांबूस झाला होता. तिने आणखी दोन हात मारले तसा तो पुन्हा पिवळा झाला.

"म्हटलं चाळणी कुठं गेली," मागून मोहबेगिम म्हणाली. "घरात पीठ मळायचं थांबलंय आणि ही बाई इथं पाणी चाळतेय."

"दुसरी घे ना."

"दुसरी तू परवाच मोडलीस, आपा."

मोहबेगिम दारजोम गावच्या शाळेची मास्तरीण. सावसन उन्हाळ्यापासून तिच्याच घरी राहत होती. मोहबेगिमने शालीखालून शीरचायचा वाडगा काढला. खारट दुधाच्या चहात रोटीचे तुकडे कुस्करलेले होते आणि वर लोणी तरंगत होतं. सावसनने उभ्याउभ्याच दोन घोट घेतले, वाडगा दगडावर ठेवला आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

"बसून पी. पाणी पळून जात नाही."

"तेच तर. पळत नाही, गोठतं."

सावसन साठीला टेकली होती. सोव्हिएत काळात खोरोग शहरातल्या कारखान्यात ती लेथवर कामाला होती. कारखाना बंद पडला, पुरुष रशियात मजुरीला गेले आणि डोंगरातल्या गावांतली वीज गेली ती परत आलीच नाही. तेव्हा सावसनने भंगारातून पहिलं पाणचाक जोडलं. नळाचे तुकडे उभे कापून त्यांची पाती, मोडक्या ट्रकचे बेअरिंग, आणि बंद कारखान्यातली मोटर, जी उलटी फिरवून नीट जुळवली की वीज खाण्याऐवजी वीज देते. त्यानंतर ती या गावाहून त्या गावाला जात राहिली. एक चाक फिरायला लागलं की तिला तिथं करमत नसे. दारजोमचं चाक शेवटचं, असं तिने मुलाला फोनवर कबूल केलं होतं. मुलगा मॉस्कोत होता, सून दिवसांवर आली होती आणि पहिलंच मूल होतं. खोऱ्यातला रस्ता बर्फाने बंद होण्याआधीची शेवटची गाडी उद्या सकाळी निघणार होती. ती चुकली तर मग वसंतातच.

"जाशील ना उद्या?" मोहबेगिमने विचारलं.

"ही जाळी अशीच राहिली तर कशी जाऊ? रात्रभर कोण चाळत बसेल? तू?"

मोहबेगिमने खाली शाळेच्या छपराकडे पाहिलं. शाळेच्या खोलीत विजेची शेगडी लागली म्हणून या वर्षी पहिल्यांदाच थंडीत शाळा उघडी होती. शेगडी विझली की मुलं घरी जातील आणि लोक पुन्हा सरपणासाठी कुऱ्हाडी घेऊन जर्दाळूच्या बागेत शिरतील, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बर्फ कुठून येतो हे जाळी पहिल्यांदा बुजली त्याच दिवशी सावसनला कळलं होतं. वरच्या ओढ्यापासून जाळीपर्यंत सगळा पाट त्यांनी झाकला होता. विलोच्या फांद्या, त्यावर पेंढा, त्यावर माती. अशा झाकणाखाली पाण्याला जमिनीची ऊब मिळते आणि ते भर हिवाळ्यातही वाहतं. पण पिराच्या ठाण्यापाशी पाट उघडा होता. रानबोकडाची शिंगं रचलेल्या त्या दगडी चौथऱ्याला लागूनच पाणी जात होतं आणि तिथे गावातल्या कुणीही एक मूठ मातीही टाकली नव्हती. काम करणारे बायका-पुरुष तिथवर आले, फावडी काखेत धरून लवले आणि पलीकडे जाऊन पुन्हा माती ओढू लागले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर सावसनलाही त्या वेळी वाटलं नव्हतं. तीही लवूनच पुढे गेली होती. आता तेवढ्याच उघड्या पट्ट्यात पाणी अंगभर थंडी पिऊन घेत होतं.

खलीफा दोदिखुदो गावाचे धर्मवडील. सावसन त्यांच्याकडे गेली तेव्हा ते घराच्या खांबाला टेकून बसले होते.

"विचारायला आलीस की सांगायला?" ते म्हणाले.

"आधी विचारते. मग सांगेन."

"विचार."

"ठाण्यापाशी पाट झाकू द्या. बोटभर जागा सोडेन चौथऱ्यापासून. चौथऱ्याला हात लावणार नाही."

"आता सांग."

"नाही झाकला तर चाक बंद पडेल. आज नाही तर उद्या."

खलीफांनी मान हलवली. "माझ्या आजोबांनी तिथून पाट नेला तेव्हा लोखंड लावलं नाही. हातांनी दगड उचलले. नखं गेली त्यांची."

"मीही लोखंड लावणार नाही. फांद्या ठेवू, माती हातांनी टाकू."

"मातीच नको, पोरी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माती मेलेल्याच्या अंगावर टाकतात. पीर काही मेलेला नाही. गाव त्याच्याशी रोज बोलतं. मी बोलतो. जिवंत माणसाशेजारी मातीचा ढीग कसा रचू?"

"पाण्याला हे कळत नाही, खलीफा."

"तुला कळतं ना? मग झालं."

सावसनने हात चोळले. तिच्या हातांना मुंग्या येत होत्या. उठावं, पुन्हा जाळीपाशी जावं असं तिला वाटत होतं. इथे बसलेला प्रत्येक क्षण तिकडे जाळीवर साचत होता. तेवढ्यात खलीफांची म्हातारी आतून आली, काही न बोलता नवऱ्याच्या गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण टाकलं आणि कडा पायाखाली खोचून निघून गेली.

सावसन त्या पांघरुणाकडे पाहत राहिली.

"जिवंत माणसाला थंडी वाजली तर काय घालतात, खलीफा?"

म्हाताऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. त्याच्या दाढीत हसू हळूहळू पसरलं.

"कारखान्यात हेच शिकवायचे का तुम्हाला?"

"तिथं नव्हतं शिकवत."

"लोकरीचे नमदे चालतील," ते पांघरुणाची कड चाचपत म्हणाले. "पिरावर पांघरूण घालणं नवीन नाही. आडव्या काठ्या टाका, वर नमदे. दगड ठेवा, पण खिळा नको. आणि फाटका, कुजका नमदा आणलेला मला दिसला तर मी स्वतः ओढ्यात फेकीन." मग त्यांनी बोट वर केलं. "पहिला नमदा मागणाऱ्याचा. गावाच्या घराघरातून मागायचा आणि आपला गुंडाळून न्यायचा, असं पिराकडे चालत नाही."

सावसनकडे एकच नमदा होता. या उन्हाळ्यात तिने तो स्वतः केला होता. लोकर पिंजून, गरम पाणी शिंपडून, चटईत गुंडाळून दिवसभर पायांनी लोटलेला. काठाला लाल लोकरीची शिंगं काढलेली. येणाऱ्या नातवंडासाठी. मॉस्कोच्या घरात म्हणे जमिनीखालून गरम पाणी फिरतं, तिथे नमद्याची गरज नाही, असं मुलगा म्हणाला होता. तरी तिने केला होता. तो मोहबेगिमच्या घरी बोचक्यात सर्वांत वर बांधून ठेवला होता.

"हो," ती म्हणाली.

दुपारपर्यंत अर्धं गाव ठाण्यापाशी जमलं. पोप्लरच्या काठ्या पाटावर आडव्या पडल्या. सावसनने आपला नमदा सगळ्यांत आधी, चौथऱ्याला अगदी लागून पसरला आणि त्याच्या कडेची सुरकुती हाताने सारखी केली. मोहबेगिमने ती शिंगांची नक्षी पाहिली आणि तोंड फिरवून दुसरीकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बघा बरं, कुणी जुनं-पानं आणलं नाही ना?"

"माझा सासूने दिलेला आहे," एक बाई म्हणाली.

"मग जुना नाही, जड आहे. दोघीजणी उचला."

"सासू अजून जिवंत आहे हं, मोहबेगिम. कान शाबूत आहेत तिचे."

"म्हणून तर तू पिराच्या हवाली केलास. तेवढाच तिच्या तावडीतून सुटला."

हसण्यात नमदे पसरले गेले, एकावर एक, काठावर काठ चढवून. सावसन मात्र हसण्यात नव्हती. ती पाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत होती, फटीत बोट घालून पाहत होती, काठी सरकवत होती, पुन्हा जाळीकडे जात होती. संध्याकाळपर्यंत जाळीवरचा बर्फ कमी झाला. पण तो उन्हामुळे कमी झाला की नमद्यांमुळे, हे तिला ठरवता येईना. खरी परीक्षा रात्रीची. आकाश स्वच्छ राहिलं की जमिनीची सगळी ऊब वर निघून जाते आणि तेव्हाच पाणी गोठतं.

सकाळी ती उजाडायच्या आधीच जाळीपाशी होती. जाळी धुतल्यासारखी स्वच्छ होती. बर्फाचा एक कण नव्हता. चाकाचा एकसुरी गुंजारव खालून येत होता. मोहबेगिम मागोमाग आली आणि तिने दोन्ही हात आकाशाकडे उचलले.

"झालं ना? आता तरी सुटलीस."

सावसनने वर पाहिलं. रात्रभर ढग होते. आत्ताही डोंगरकडे दिसत नव्हते.

"ढग होते रात्री. ढगांखाली तशी थंडी पडतच नाही. यातून काहीच कळलं नाही मला."

"काहीच?"

"कालच्यासारखी थंडी पडली असती तर जाळी स्वच्छ राहिली असती की नाही, ते नाही कळलं. आणखी एक स्वच्छ रात्र हवी."

खालून गाडीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर किमतशो रस्त्यावर उभा राहून ओरडत होता. "आपा, ढग बघताय ना? हे बर्फाचे आहेत. आत्ता निघालो तर निघालो. खालच्या वळणावर बर्फाची दरड आली की मी देवालासुद्धा घेऊन जाणार नाही."

दोघी पाटाच्या काठाने खाली उतरू लागल्या. सावसन बोलत होती. जाळी रोज पहाटे बघ. पट्टा सैल झाला तर मोटर मागे सरकव, पट्ट्याला राळ लाव. दिवे सगळे एकदम बंद करू नका, चाकाला ओझं लागतं, नाहीतर ते उधळतं. नमदा ओला झाला तर उलटा करून वाळव.

"आपा, हे सगळं मी पोरांकडून पाठ करून घेतलंय," मोहबेगिम म्हणाली. "आता जा. नात झाली तर माझं नाव ठेवू नकोस, माझ्यासारखी बोलकी निघेल."

"आणि जाळी बुजली तर?"

"तर माझी चाळणी आहे. दे ती इकडे."

चाळणी सावसनच्या हातातच होती. तिने ती दिली. मोहबेगिमने तिच्या सुजलेल्या लाल बोटांवर क्षणभर आपली बोटं ठेवली आणि मागे फिरली.

बोचकं हलकं झालं होतं. किमतशोने ते मागे टाकलं, पुढचं दार उघडून दिलं आणि गाडी निघाली. सीटची कातडी फाटून पत्रा उघडा पडला होता. वळणावर सावसनने त्याला इंजिन बंद करायला सांगितलं. त्याने कुरकुरत केलं. नदीचा आवाज मोठा होता. चाक फिरतंय की नाही ते तिथून ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने तरी बराच वेळ मान तिकडे वळवून ठेवली. पहिले हिमकण काचेवर येऊन बसू लागले.

"चल," ती म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर किमतशोने तिच्याकडे पाहिलं. ती सीटच्या कडेला अवघडून बसली होती.

"पत्रा गार लागतोय का, आपा? लांबचा रस्ता आहे. खाली घ्यायला काही नाही का आणलं?"

"होतं," सावसन म्हणाली. "पाण्यावर घातलंय."