वाळवणाच्या खोलीत कोंडलेलं पोर

माझ्या लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावत नाहीत. गिऱ्हाईक दारात दिसलं की माझा हात आपसूक त्याच्या गठ्ठ्यावर जातो. डॉक्टरीणबाईंचे कोट, त्यांच्या शेजाऱ्यांचे पडदे, वरच्या मजल्यावरच्या म्हातारबुवांच्या चादरी, सगळं मी घराघरानं फळीवर लावते आणि तसंच डोक्यात. शाळा मी जेमतेम पाहिली, पण डोकं कुणाकडून उसनं आणलेलं नाही.

मुलाला हेच खुपत होतं. त्याला नंबराच्या चिठ्ठ्या हव्या होत्या आणि गल्ल्यावर माझ्या जागी सूनबाई.

"आई, वय झालं आता. घरी आराम कर."

"आराम सगळा तुझ्या वाट्याला दिलाय रे, माझ्यासाठी उरला कुठं?"

अशात नात दुकानात यायला लागली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकते. माणसाचं लक्ष कुठं जातं, त्याला काय आठवतं, का विसरतं, असलं सगळं. एरवी आजीकडे फिरकायची नाही, ती आता माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायची.

"आजी, तू गठ्ठे करून लक्षात ठेवतेस ना, त्यावर आम्हाला चक्क धडा आहे!"

मी फुगले. का फुगू नये?

मग ती तिच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी काढायची. जिन्यावरून गडगडला तेव्हाची, शाळेतून पळून आला तेव्हाची. त्यातच एकदा म्हणाली, "आणि बाबा दुकानामागच्या, कपडे सुकवायच्या त्या वाळवणाच्या खोलीत कोंडला गेला होता ते?"

"छे गं. असं काही झालं नाही."

"बाबाच सांगत होता. डोळे मिटून आठव बघू. अंगात काय होतं त्याच्या?"

मिटले डोळे. त्या दिवशी नुसता अंधार. पण ती येत राहिली, विचारत राहिली, आणि हळूहळू दारावर बडवणाऱ्या मुठी ऐकू आल्या. मग लाल स्वेटर, गरम हवा, घामानं कपाळाला चिकटलेले केस. मी त्याला उराशी धरलेलं. सांगता सांगता मी पदर डोळ्यांना लावला. नात मान खाली घालून लिहीत होती.

रविवारी जेवताना मुलानं आपणहून तो विषय काढला. मी सगळं सांगितलं, स्वेटरच्या तुटक्या बटणासकट. सून घास हातात धरून ऐकत राहिली.

"आई, ती खोली बांधली कधी आपण?" मुलानं विचारलं.

ती खोली मी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. तेव्हा ह्याला मिशा फुटल्या होत्या. विटा ह्यानंच उतरवल्या होत्या.

"बघ. न घडलेलं दिसायला लागलंय तुला. उद्यापासून चिठ्ठ्या."

नात रडकुंडीला आली. "बाबा, मी असं म्हटलं नव्हतं! हे वयाचं नाही. वर्गातल्या मुलांनाही न घडलेलं असंच आठवलं. आजी, आठवण म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेला कपडा नाही गं. बाहेर काढली की मन तिला पुन्हा शिवतं, मिळेल ते ठिगळ लावून."

"आणि ठिगळ कुणी आणून दिलं?"

तिनं ताट बाजूला सरकवलं.

"एका शब्दानं सांगायचंस."

"आधी सांगितलं असतं तर प्रयोगच झाला नसता. नंतर सांगणार होते, पण काय लिहितेस म्हणून बाबानं विचारलं आणि..."

"बापाला सांगितलंस. आजी काय, चिंधी. रंग चढतो का बघायचा."

सकाळी मीच दुकान उघडलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मला उठवायची छाती कुणाची आहे? मुलगा मागं इस्त्री तापवत होता.

डॉक्टरीणबाई आल्या. "काय मावशी, झाले का कोट?"

हात फळीवर गेला, कोटांवर टेकला आणि तिथंच अडला. बाईंनी हेच कोट आणून दिले, काऊंटरवर ठेवले, बाहीवरचा शाईचा डाग दाखवला, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. पण ते कोंडलेलं पोरही असंच स्वच्छ दिसलं होतं. अजून दिसतं.

मागं इस्त्री थांबल्याचं मला कळलं.

"बाई," मी म्हटलं, "तुमचेच आहेत ना हे? एकदा बघून घ्या."

त्या हसायला लागल्या. "मावशी, सकाळी सकाळी थट्टा करता होय?"

मी कोट उलगडून त्यांच्यापुढं धरले.